प्रवासातला संगणक आणि तिजोरीची दुसरी किल्ली

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे अकराच वाजले होते, पण सीताबर्डीचा रस्ता तव्यासारखा तापला होता. मी संगणकाच्या एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्या मुलाने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून विचारले, "काकाजी, नातवासाठी पाहून राहिले का?"

"नाही बाबा, माझ्यासाठी. प्रवासात न्यायचा आहे. हलका पाहिजे, स्वस्त पाहिजे, आणि हरवला तर रडू येऊ नये असा पाहिजे."

मुलगा हसला. म्हणाला, "हलका पाहिजे तर स्वस्त नाही भेटत, काकाजी. अन् स्वस्त पाहिजे तर हलका नाही भेटत. रडण्याचं तुमचं तुम्ही पाहा."

त्या मुलाने दोन वाक्यांत सगळा बाजार सांगितला. उरले ते रडण्याचे. तेच मला सांगायचे आहे.

माझे थोरले बंधू पुण्याला असतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत मास्तरकी केली. आम्ही मूळचे काटोलकडचे. वडिलांच्या संत्र्यांच्या बागा, बैलगाड्यांनी नागपूरच्या संत्रा मार्केटला जाणारा माल, रात्रीचे मुक्काम, घरातली भांडणे, हे सगळे दादाने डोळ्यांनी पाहिलेले. मी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्या वाट्याला त्यातले ऐकीवच आले. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्या दिवसांवर कादंबरी लिहायला घेतली आणि नेमक्या त्याच सुमारास, २०२२ मध्ये, दादाला विस्मरणाचा आजार असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी सांगितले, कालचे आधी जाईल, जुने उशिरा जाईल, पण जाईल. तेव्हापासून महिन्या-दीड महिन्याने नागपूर-पुणे अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या.

दादा बोलायला लागला की मी टिपून घेतो. कोणी म्हणेल, मोबाईलवर ध्वनिमुद्रण का करीत नाही? केले. पण समोर फोन ठेवला की दादा गप्प होतो आणि संशयाने विचारतो, "कोणाला ऐकवतो आहेस?" समोर कोणी लिहीत बसले असेल तर मात्र तो खुलतो. चाळीस वर्षे वर्गात त्याने तेच पाहिले ना! वहीत लिहावे तर माझ्या उजव्या अंगठ्याला संधिवाताने गाठले आहे, एका पानापुढे पेन धरवत नाही. कीबोर्डवर मात्र बोटे चालतात. तरुणपणी धंतोलीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये 'मराठी तीस'ची परीक्षा दिली होती, ती पुण्याई अजून पुरते आहे.

माझा जुना लॅपटॉप होता पंधरा इंची, चार्जरसकट तीन किलोच्या आसपास. आत फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. सुरू व्हायला दोन-अडीच मिनिटे लागत. तेवढ्यात दादाचे वाक्य अर्ध्यावर विरून जाई. तरी २०२४ च्या फेब्रुवारीत मी अकरा दिवस पुण्याला राहिलो आणि ते अकरा दिवस दादा जसा बोलला, तसा पुन्हा कधी बोललेला नाही. परतीच्या गाडीत बडनेऱ्याला उतरणाऱ्या एकाने वरच्या बर्थवरून आपली सुटकेस ओढली, तिच्याबरोबर माझी बॅग खाली आली. नागपूरला घरी येऊन लॅपटॉप सुरू केला तर आतून नुसती टकटक. दोन ठिकाणी दाखवला. दोघांनीही मान हलवली. अकरा दिवस गेले.

लाजेची गोष्ट ही, की मी बँकेतला माणूस. बँकांच्या संगणकीकरणाबद्दलच्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. आम्ही त्यांना 'ए.एल.पी.एम.' म्हणत असू. रोज संध्याकाळी हिशेब जुळला की फ्लॉपीवर नक्कल घ्यायची आणि ती नक्कल शाखेत ठेवायची नाही, हा नियम. कारण शाखेला आग लागली तर यंत्र आणि नक्कल दोन्ही जातील. त्याही आधीपासूनचा नियम तिजोरीचा: किल्ल्यांचा दुसरा जोड सीलबंद करून दुसऱ्या शाखेत. वीस-बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पैशांसाठी हे पाळले. सख्ख्या भावाच्या आठवणींसाठी पाळले नाही.

म्हणून नवा संगणक घ्यायचा ठरले तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कर्ज मंजूर करताना अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो असा, की हे बुडाले तर काय? प्रवासात नेण्याच्या यंत्रालाही तोच प्रश्न लावायचा. ते पडेल, भिजेल, चोरीला जाईल, हे गृहीत धरायचे. मग रक्कम अशी ठरते, की जी गेल्याचे दुःख आठवडाभर टिकेल, पण काम थांबणार नाही. माझ्यासाठी तो आकडा पंचवीस हजारांचा निघाला.

हलका आणि स्वस्त संगणक ही माणसाची जुनी हाव आहे. १९८१ मध्ये ॲडम ऑस्बोर्न या गृहस्थाने बाजारात आणलेला 'ऑस्बोर्न-१' हा पहिला यशस्वी सुवाह्य संगणक मानला जातो. वजन सुमारे अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर! या ऑस्बोर्नचे बालपण तामिळनाडूत गेले आणि शेवटही २००३ मध्ये तिकडेच, कोडाईकनालला झाला. १९८३ मध्ये 'टीआरएस-८० मॉडेल १००' आले. पडद्यावर फक्त आठ ओळी, पण टॉर्चमध्ये घालतात तसल्या चार छोट्या सेलवर सुमारे वीस तास चालणारे. अमेरिकेतले बातमीदार ते काखोटीला मारून हिंडत आणि टेलिफोनच्या तारेवरून बातमी पाठवत. बटण दाबले की लगेच सुरू. चाळीस वर्षांनी मला दादासमोर नेमके तेच हवे होते.

स्वस्ताईचे प्रयोग आपल्याकडेही झाले. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 'सिम्प्युटर' काढला, तो २००४ मध्ये बाजारात आला आणि फारसा चालला नाही. निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'शंभर डॉलरच्या लॅपटॉप'चा भारतातला पहिला प्रयोग तर आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका छोट्या गावातील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये झाला. भर उन्हात वाचता येईल असा त्याचा पडदा होता. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधीच आली नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आकाश' टॅब्लेटची घोषणा केली. दोन-सव्वादोन हजारांच्या त्या टॅब्लेटची देशभर चर्चा झाली, पण तो संथपणामुळेच लक्षात राहिला. २००७ मध्ये तैवानच्या असूस कंपनीने काढलेला सात इंची 'ई-पीसी' मात्र खपला. जेमतेम किलोभराचा तो लॅपटॉप पाहून इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. या सगळ्यांतून माझ्यासारख्याने घ्यायचा धडा एवढाच, की स्वस्त म्हणून जे नवे बनवले जाते त्यात कुठेतरी काटकसर असते. ती कुठे केली आहे हे शोधून मग पैसे द्यावेत.

माझ्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, आहे तो मोबाईल आणि त्याला जोडायचा घडीचा कीबोर्ड. खर्च हजार-दोन हजार, वजन पाव किलो. पत्रे आणि छोटे लेख लिहिणाऱ्याने याच्या पुढे जाऊच नये. बोलून लिहायचे असेल तर २०१७ पासून गूगलला मराठीही ऐकू येते. पण बाहेरचा कीबोर्ड जोडला की फोनवर मराठी सरळ उमटेलच असे नाही. माझ्या फोनवर हाताने पडद्यावर मराठी येई, कीबोर्ड जोडला की इंग्रजी. शिवाय तीनशे पानांची कादंबरी तळहाताएवढ्या खिडकीतून पाहणे म्हणजे बोगद्यातून शेत पाहणे.

दुसरी वाट टॅब्लेटची. बॅटरी उत्तम, पंख्याचा आवाज नाही, क्षणात सुरू. पण चांगला टॅब्लेट आणि त्याचा चांगला कीबोर्ड यांची बेरीज केली की ती लॅपटॉपच्या वर जाते. आणि गाडीत मांडीवर तो उभा राहत नाही, त्याला टेबल लागते.

तिसरी, नवा कोरा स्वस्त लॅपटॉप. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये 'जिओबुक' १६,४९९ रुपयांत आला होता, वजन एक किलोच्या आत. या किमतीच्या यंत्रांत साधारणपणे चार जीबी मेमरी आणि चौसष्ट जीबीची साठवण असते आणि दोन्ही मूळ फळीवरच डकवलेल्या, म्हणजे पुढे वाढवता येत नाहीत. एक खिडकी उघडून लिहिणाऱ्याला ते पुरते. पण त्या पट्टीतल्या यंत्रात विंडोज असेल तर त्याची वेळोवेळची डागडुजीच ती चौसष्टची कोठी भरून टाकते.

चौथी वाट मी घेतली: कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला ऑफिसचा लॅपटॉप. असे लॅपटॉप मोठ्या संख्येने बाजारात येतात. नवे असताना ते साठ-सत्तर हजारांचे असतात, म्हणून बिजागरी मजबूत, कीबोर्ड टायपिस्टला आवडेल असा. मी बारा इंची, सव्वा किलोचा घेतला. त्यात फिरती तबकडी नाही, एसएसडी आहे. तिच्यात हलणारा भागच नसल्याने गाडीच्या हादऱ्यांची भीती कमी आणि यंत्र दहा-बारा सेकंदांत जागे होते. झाकण नुसते मिटून ठेवले असेल तर त्याहून लवकर.

जुना घेणाऱ्याने मात्र जुन्या मोटारीसारखा तपासावा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना ते पाहावे, कारण विंडोज ११ त्याच्या मागच्या इंटेलवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याहून जुने यंत्र फुकट मिळत असेल तर त्यावर लिनक्स घालावे. लिहिण्यापुरते ते झकास चालते. 'बॅटरी रिपोर्ट' काढून दाखवा म्हणावे. विंडोजमध्ये ती सोय आहे, बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. माझ्या यंत्राची बॅटरी निम्म्यावर आली होती, म्हणून ती बदलून घेतली. आधीच्या कंपनीचा पासवर्ड आत राहिलेला नाही ना, सगळी बटणे उमटतात ना, हे पाहावे. आणि बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. चोरी झाली तर पोलीस तोच विचारतात.

आता मराठी. माझी १९९० च्या दशकातली एक कादंबरी फ्लॉपीवर अजून आहे आणि ती कोणालाच वाचता येत नाही. त्या काळी प्रत्येक डीटीपीवाल्याचा फाँट वेगळा, अक्षरांचे आतले क्रमांक वेगळे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की 'आई'च्या जागी चौकोन आणि डॉलरची चिन्हे. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण आणि त्याबरोबर 'इन्स्क्रिप्ट' कीबोर्ड १९९१ मध्येच ठरला होता. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती 'विंडोज २०००' पासून. आज युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी नागपूरच्या यंत्रावर, पुण्याच्या मोबाईलवर आणि पुतण्याच्या अमेरिकेतल्या टॅब्लेटवर तेच राहते. माझ्यासारख्या जुन्या टायपिस्टला रेमिंग्टनची बोटे विसरून इन्स्क्रिप्ट शिकायला दोन महिने लागले. ज्यांना रोमन अक्षरांवरून मराठी काढायचे आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्येच 'फोनेटिक' कीबोर्ड आहे. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

दुकानात मी एक परीक्षा घेतली. त्या मुलाला म्हणालो, "यावर एवढं लिहू दे: 'दऱ्याखोऱ्यांतल्या कुऱ्हाडी, ॲल्युमिनियमची ताटं, ऑफिसातले शुक्ल'." र ला दंडाऐवजी डोळ्याच्या पापणीसारखी रेघ येते का, ॲ एकसंध येतो का, हे त्यात कळते. ऱ्या नीट न येणारे यंत्र मराठी माणसाच्या कामाचे नाही. तो मुलगा चकित होऊन म्हणाला, "काकाजी, गेम चालते का, हे विचारतात लोक. कुऱ्हाड कोणीच नाही विचारत!" कुऱ्हाड नीट उमटली. मी पैसे मोजले.

हिशेब असा: लॅपटॉप १८,५००, नवी बॅटरी २,६००, पासष्ट वॉटचा टाईप-सी चार्जर १,४००, पेन ड्राईव्ह ४५०, जाड कापडी पिशवी ३५०. एकूण २३,३०० रुपये. चार्जर मुद्दाम टाईप-सी घेतला, म्हणजे त्याच एकाने मोबाईलही भरतो आणि ओझे एका वस्तूने कमी होते.

विजेचे गणित प्रवासात फार महत्त्वाचे. गाडीत सॉकेट असते, पण ते चालू असेलच असे नाही. रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेटांचा पुरवठा बंद ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये रेल्वेत झाला होता. पॉवर बँक घ्यायची तर नुसता 'वीस हजार एमएएच' हा आकडा पाहू नये. त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागले की ७४ वॉट-तास येतात आणि बारा इंची लॅपटॉपची बॅटरी साधारण पन्नासच्या घरात असते. म्हणजे वाटेतली गळती धरून एकदा नीट भरेल. पण तीच पॉवर बँक पंचेचाळीस वॉट तरी देणारी हवी; मोबाईलपुरती असेल तर लॅपटॉप तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की पॉवर बँक हातातल्या सामानातच चालते आणि शंभर वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

आणि आपले ऊन! बहुतेक लॅपटॉपांच्या पुस्तिकेत वापराच्या तापमानाची मर्यादा पस्तीस अंशांच्या आसपास दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. अशा दिवसांत बंद मोटारीत लॅपटॉप ठेवणे म्हणजे त्याची बॅटरी हाताने मारणे. उन्हातून आणल्यावर लगेच चार्जिंगलाही लावू नये. घामेजल्या माणसाला आपण जरा बसवतो, मग पाणी देतो. तसेच.

आता मुख्य गोष्ट, दुसऱ्या किल्लीची. माझा 'डे-एन्ड' आता रोज होतो. दिवसाचे लिखाण संपले की तीच फाईल पेन ड्राईव्हवर, आणि तीच ई-मेलने स्वतःला आणि पुण्यातल्या पुतणीला. पेन ड्राईव्ह लॅपटॉपच्या पिशवीत कधीच नाही, तो सदऱ्याच्या आतल्या खिशात. पिशवीतच ठेवला तर तिजोरी आणि किल्ली एकाच चोराला दिल्यासारखे. लिखाण सगळे इंटरनेटवर ठेवून तिथेच करावे, असे तरुण मंडळी सांगतात. पण गाडीत मैलोगणिक नेटवर्क जाते, म्हणून आधी यंत्रावर आणि मग वर. फाईलच्या नावात तारीख घालतो आणि कालच्या फाईलवर आजची चढवत नाही. बँकेत खाडाखोड करायला मनाई होती, खोडायचे तर वरून एक रेघ मारून सही. खालचे वाचता आले पाहिजे.

ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. बारा तासांचा दिवसाचा प्रवास, पुढ्यात छोटेसे टेबल. माझा बारा इंची त्यावर बरोबर बसतो, चहाच्या पेल्यालाही जागा उरते. मागच्या फेरीत वर्धा सुटल्यावर उघडला तो मनमाडला मिटला. तेवढ्यात एक प्रकरण झाले.

पुण्याला दादा आता थोडेच बोलतो. कधी मला ओळखतो, कधी वडिलांच्या नावाने हाक मारतो. मी यंत्र मांडीवर मिटून ठेवून बसतो. त्याने तोंड उघडले की झाकण उघडतो. परवा एकच वाक्य मिळाले, गाडी संत्रा मार्केटला लागताना पहाटे थंडी कशी बोचायची, एवढेच. ते तीन ठिकाणी जपून ठेवले आहे.

फेब्रुवारीतल्या त्या अकरा दिवसांत त्याने आमच्या गाडीच्या बैलजोडीची नावे सांगितली होती. एक 'राजा' होता, ते मला आठवते. दुसऱ्याचे नाव मी लिहून घेतले होते, म्हणून लक्षात ठेवले नव्हते. त्यानंतर दादाला चार-पाचदा विचारले. तो हसतो आणि म्हणतो, "तुला ठाऊक आहे की!"

कादंबरीत त्या जागी मी अजून रेघ ओढून ठेवली आहे.